दादोबा पांडुरंग तर्खडकर : मराठीचे पाणिनी आणि आपला फ्रेजल व्हर्बचा पाठ



इंग्रजीच्या तासाला मुलं एक प्रश्न हमखास विचारतात. गिव्ह म्हणजे देणे आणि अप म्हणजे वर, तर मग गिव्ह अप म्हणजे 'वर देणे' का नाही? 'सोडून देणे' कसं काय? आपण बहुतेक वेळा सांगतो, पाठ करा. मुलं पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. या प्रश्नाकडे बघायची एक चांगली वाट मला एका जुन्या शिक्षकाच्या चरित्रात दिसली. त्यांचं नाव दादोबा पांडुरंग तर्खडकर. त्यांनी फ्रेजल व्हर्बवर पुस्तक लिहिलं नाही. पण दोन भाषा शेजारी ठेवून शब्दांची कामं कशी ओळखायची, हे त्यांच्या कामातून आपल्याला शिकता येतं.

घराणं आपल्याच भागातलं

दातिवऱ्याच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की वैतरणेच्या मुखापलीकडे अर्नाळा दिसतो. तिथून पुढे वसईच्या बाजूला गेलं की तर्खड गाव. दादोबांचं घराणं मूळचं या तर्खडचं, म्हणून आडनाव तर्खडकर. दादोबांचा जन्म मात्र मुंबईत, ९ मे १८१४ रोजी झाला. आपला पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला, म्हणजे नेमका त्यांच्या जन्माच्या दोनशेव्या वर्षी. मुलांना सांगायला हा योगायोग छान आहे.

तिघे भाऊ नावारूपाला आले. दादोबा थोरले. मधले भास्कर पांडुरंग यांनी १८४१ साली मुंबईच्या इंग्रजी वर्तमानपत्रात टोपणनावाने पत्रं लिहून इंग्रजांच्या राज्यकारभारावर कडक टीका केली. धाकटे आत्माराम पांडुरंग डॉक्टर झाले आणि १८६७ साली प्रार्थना समाजाच्या स्थापनेत त्यांनी पुढाकार घेतला. इंग्रजी शिकलेली ही पहिल्या काही पिढ्यांतली मुलं. पण ती इंग्रजीने दिपून गेली नाहीत. एकाने त्या भाषेत सरकारला जाब विचारला, आणि एकाने तिच्या मदतीने आपल्या मायबोलीचं व्याकरण लिहिलं.

बाविसाव्या वर्षी व्याकरण

दादोबा मुंबईत नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत इंग्रजी शिकले. त्या काळी इंग्रजीचं व्याकरण पुस्तकात तयार मिळायचं. मराठीचं व्याकरण परदेशी लोकांनी स्वतःच्या सोयीसाठी लिहिलेलं होतं. विल्यम केरी यांचं मराठी व्याकरण १८०५ सालचं, पण ते इंग्रजीत होतं. मराठी मुलाने आपली भाषा कशी चालते हे आपल्याच भाषेत समजून घ्यायचं तर साधनं फारच थोडी होती.

१८३६ साली दादोबांचं 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' प्रसिद्ध झालं. तेव्हा त्यांचं वय अवघं बावीस. पुस्तकाची मांडणी बरीचशी इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर होती. पण इंग्रजीच्या साच्यात मराठी पूर्ण बसत नाही. 'रामाने आंबा खाल्ला' या वाक्यातलं क्रियापद रामाप्रमाणे न बदलता आंब्याप्रमाणे बदलतं. आंब्याच्या जागी चिंच घाला, लगेच 'खाल्ली' होतं. इंग्रजीत असं होत नाही. म्हणून दादोबा पहिल्या पुस्तकावर थांबले नाहीत. १८५० साली त्यांनी वाढवलेली दुसरी आवृत्ती काढली, पुढे लहान मुलांसाठी लघु व्याकरण लिहिलं, आणि उतारवयातही हे काम सोडलं नाही. म्हणूनच लोक त्यांना मराठीचे पाणिनी म्हणू लागले. आपण वर्गात शब्दांच्या आठ जाती शिकवतो, ती मांडणी शाळाशाळांत रुजवण्यात दादोबांच्या पुस्तकांचा मोठा वाटा आहे.

त्यांच्या वाटेने आपला पाठ

आता आपल्या प्रश्नाकडे येऊ. फळ्यावर ही दोन वाक्यं लिहा.

खाली बस.
झाडाखाली बस.

'खाली' दोन्हीकडे आहे. पहिल्या वाक्यात ते एकटंच उभं आहे आणि क्रियापदाबद्दल सांगतं, म्हणून क्रियाविशेषण. दुसऱ्या वाक्यात ते झाड या नामाला चिकटलं आहे, म्हणून शब्दयोगी अव्यय. आता 'जाळं वर ओढ' आणि 'जाळं होडीवर ओढ' ही वाक्यं द्या. आपल्या बंदरावरची मुलं फरक लगेच सांगतील.

इंग्रजीतल्या अप, ऑफ, ऑन, इन या छोट्या शब्दांचंही असंच आहे. कधी ते क्रियाविशेषण असतात, कधी शब्दयोगी अव्ययाचं काम करतात. फरक एवढाच की आपलं शब्दयोगी अव्यय नामाच्या मागून येतं, इंग्रजीतलं नामाच्या आधी येतं.

ओळखायची सोपी खूण म्हणजे 'इट' हे सर्वनाम घालून बघायचं.

१. टर्न ऑफ : 'टर्न इट ऑफ' म्हणतात. 'इट' मध्ये शिरतं. म्हणजे ऑफ इथे क्रियाविशेषण.
२. लुक आफ्टर : 'लुक आफ्टर इट' म्हणतात. 'इट' मध्ये शिरत नाही, शेवटीच येतं. म्हणजे आफ्टर इथे शब्दयोगी अव्ययासारखं.
३. पुट अप विथ : इथे दोन्ही आहेत. आधी क्रियाविशेषण अप, मग शब्दयोगी विथ. 'इट' सगळ्यात शेवटी. अर्थ सहन करणे.

आणि अर्थ का बदलतो? मुलांना विचारा, 'सभा पुढे ढकलली' म्हणजे कुणी सभेला हाताने धक्का दिला का? 'मागे लागणे', 'पार पाडणे', 'पाठीशी उभे राहणे' हे सगळं आपण रोज बोलतो. पुट ऑफ म्हणजे पुढे ढकलणे, कॅरी आउट म्हणजे पार पाडणे, स्टँड बाय म्हणजे पाठीशी उभे राहणे. 'खाऊन टाक' मध्ये आपण काही टाकत नाही, काम संपव असं सांगतो. इंग्रजीत तेच काम ईट अप मधलं अप करतं. मग गिव्ह अप म्हणजे 'सोडून देणे' याचं मुलांना नवल वाटत नाही. सोडून देताना तरी आपण कुणाला काय देतो?

शिक्षकांचे शिक्षक

दादोबांनी मुंबईत एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूटमध्ये शिकवलं, नंतर सुरतेला गेले. तिथे १८४४ साली दुर्गाराम मेहताजी यांच्यासोबत त्यांनी मानवधर्म सभा स्थापन केली. १८४६ साली बाळशास्त्री जांभेकर वारले. त्यानंतर मुंबईच्या नॉर्मल क्लासची जबाबदारी दादोबांकडे आली. नॉर्मल क्लास म्हणजे शिक्षक तयार करणारा वर्ग. आपण डीएड केलं, त्या शिक्षणाची मुळं अशा वर्गांत आहेत.

१८४९ साली मुंबईत परमहंस सभा सुरू झाली, तिचे ते एक प्रमुख होते. जातिभेद मानायचा नाही, हे तिचं तत्त्व. समाजाच्या भीतीने सभेचं काम गुप्त चालायचं. १८६० च्या सुमारास सभासदांची यादी फुटली आणि सभा मोडली. १८५२ पासून दादोबा नगरला डेप्युटी कलेक्टर होते, पुढे त्यांना रावबहादूर किताब मिळाला. १८६५ साली त्यांनी मोरोपंतांच्या केकावलीवर 'यशोदा पांडुरंगी' ही टीका लिहिली. १७ ऑक्टोबर १८८२ रोजी ते वारले. त्यांचं आत्मचरित्र अ. का. प्रियोळकरांनी संपादित करून १९४७ साली प्रसिद्ध केलं.

पालकांसाठी

बरेच पालक म्हणतात, मराठी व्याकरण कशाला, इंग्रजी आलं की झालं. पण ज्या मुलाला 'खाली' आणि 'झाडाखाली' यातला फरक कळला, त्याला टर्न ऑफ आणि लुक आफ्टर यातला फरक समजायला एक तास पुरतो. ज्याला तो कळला नाही, त्याला शेकडो फ्रेजल व्हर्ब एकेक करून घोकावे लागतात. गावात ज्यांना शिकवणी परवडत नाही, त्यांच्या मुलांचं यात जास्त नुकसान होतं. घरची मराठी मात्र प्रत्येक मुलाकडे आहे आणि ती फुकट आहे.

या आठवड्यात मुलांना एक काम द्या. घरी, बंदरावर, बाजारात ऐकलेली 'पुढे ढकलणे' सारखी दहा क्रियापदं वहीत लिहून आणायची. मग वर्गात सगळ्यांनी मिळून त्यांच्या जोडीचे इंग्रजी शब्द शोधायचे. तुमच्या वर्गात काय काय सापडलं ते जरूर कळवा.