प्रदर्शन उठल्यानंतर

महाशिवरात्र आली की आपल्या अंबरनाथच्या शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. वालधुनीच्या काठापर्यंत जत्रा पसरते. बांगड्या, भांडी, खेळणी, उसाचा रस, आकाशपाळणा. हॉस्टेलमधली निम्मी मंडळी दर्शनापेक्षा पाळण्यासाठीच जातात, हे रेक्टर सरांनाही ठाऊक आहे! आणि चार दिवसांनी पाहावे तर नुसते बांबूंचे खड्डे उरलेले. जत्रा काय आणि मोठ्या मैदानावरचे औद्योगिक प्रदर्शन काय, स्वभाव एकच. लागायचे आणि उठायचे. पण उठल्यावर त्या मालाचे काय होते? दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी मुंबईतल्या एका डॉक्टरांनी हा प्रश्न मनावर घेतला होता. त्यांचा आपल्या शिवमंदिराशीही संबंध आहे, तो पुढे येईलच. हे डॉ. भाऊ दाजी लाड.

खरे नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. जन्म १८२२ सालचा, गोव्यातल्या पेडणे भागातला. घरची परिस्थिती बेताची. पोरगा बुद्धिबळात भलताच तरबेज. एका इंग्रज साहेबाने ते पाहिले आणि मुलाला इंग्रजी शिकवा म्हणून वडिलांना गळ घातली, असे त्यांच्या चरित्रात सांगतात. मुंबईत एल्फिन्स्टनमध्ये शिक्षण, तिथेच शिक्षकाची नोकरी, आणि मग नव्याने निघालेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्रवेश. १८५१ साली त्या कॉलेजची पहिली तुकडी बाहेर पडली, त्यात भाऊ होते. दवाखाना जोरात चालला. गरिबांना औषध फुकट. कुष्ठरोगावर कडू कवठीच्या बियांच्या तेलाचे प्रयोगही त्यांनी केले. सांगलीचे विष्णुदास भावे नाटकमंडळी घेऊन मुंबईत आले तेव्हा त्यांच्या पाठीशी उभे राहिलेल्यांत भाऊ होते. फोटोग्राफी, जुनी नाणी, ताम्रपट, हस्तलिखिते... या माणसाला झोप कधी मिळत होती कोण जाणे!

आता मुद्द्याची गोष्ट. लंडनला १८५१ साली जगातले पहिले मोठे आंतरराष्ट्रीय औद्योगिक प्रदर्शन भरले, मग १८५५ साली पॅरिसला. मुंबई इलाख्यातून तिकडे कापड, धातूकाम, लाकूडकाम, धान्य, खनिजे असा माल गेला. त्यातल्या वस्तूंची दुसरी जोड इथेच ठेवून मुंबईत संग्रहालय करावे असे ठरले. फोर्टमधल्या लष्करी बराकीत ते थाटलेही. पण १८५७ चा उठाव झाला, सैन्याला जागा हवी झाली आणि सगळा संग्रह घाईघाईने बाहेर काढला. बऱ्याच वस्तू मोडल्या, काही गहाळ झाल्या. उरलेले टाउन हॉलमध्ये नेऊन ठेवले. जत्रा उठली, तीही भर पावसात उठावी तशी.

इथे भाऊ पुढे सरसावले. १८५८ साली टाउन हॉलमध्ये सभा झाली, वर्गणी सुरू झाली. अध्यक्ष नाना शंकरशेट आणि चिटणीस दोन डॉक्टर, जॉर्ज बर्डवुड आणि भाऊ दाजी. संग्रहाला स्वतःची पक्की इमारत हवी आणि सोबत बाग हवी, हा त्यांचा आग्रह. आपल्याकडे चिटणीस म्हणजे काय ते गॅदरिंगची वर्गणी काढणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. १८६२ साली भायखळ्याला पायाचा दगड बसला. तेव्हा कापसाच्या भावाने मुंबईत पैशाचा पाऊस पडत होता. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेले, त्यामुळे इंग्लंडच्या गिरण्यांना आपलाच कापूस. १८६५ ला युद्ध संपले, शेअरचा बाजार धाडकन कोसळला आणि भाऊंची सगळी कमाई बुडाली. वर्गणीदारही बसले. इमारत अर्धवट राहिली. शेवटी सरकारने पैसा घालून ती पुरी केली आणि २ मे १८७२ रोजी ती लोकांसाठी उघडली. नाव मात्र राणीचे आणि तिच्या नवऱ्याचे: व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम. भाऊंचे नाव लागायला १९७५ साल उजाडावे लागले. राणीच्या बागेत आपण लहानपणी हत्ती-माकडे बघून परत आलो, शेजारची ती इमारत बहुतेकांनी बाहेरूनच पाहिली असेल. मीही त्यातलाच.

आता शिवमंदिर. उत्तरेच्या दारावर आतल्या बाजूला तुळईवर एक संस्कृत शिलालेख आहे. झिजलेला, अंधारात, मान मोडेपर्यंत वर बघावे लागते. भाऊंनी तो वाचून एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात छापला. शिलाहार राजा माम्वाणी याचे नाव त्यात निघाले. मंदिराचे साल त्यांनी वाचले शके ७८२, म्हणजे इ. स. ८६०.

हे वाचन चुकले होते. चूक एकाच आकड्याची, पण शतकाच्या घरातली, म्हणजे थेट दोनशे वर्षांची! (व्हर्नियरचे रीडिंग चुकवणाऱ्यांनी धीर धरावा.) आणि ती दुरुस्त केली कुणी? भगवानलाल इंद्रजी यांनी. हा जुनागढचा तरुण, कॉलेजचे तोंडही न पाहिलेला. भाऊंनीच त्याला मुंबईत बोलावून घेतले होते. शिलालेखांचे ठसे आणायला देशभर पाठवले, खर्च स्वतः सोसला, आणि बाजार कोसळल्यावर हात आखडता असतानाही ते काम बंद पडू दिले नाही. ३१ मे १८७४ ला भाऊ वारले, तेव्हा भगवानलाल त्यांच्याच कामासाठी नेपाळपर्यंतच्या दौऱ्यावर होते. पुढे त्यांनी अंबरनाथचा लेख पुन्हा तपासला आणि साल लावले शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०. आज मंदिराचे वय सांगताना आपण सगळे हेच साल सांगतो.

पुढच्या शिवरात्रीला रांग उत्तरेच्या दाराशी रेंगाळली, तर मोबाइल खिशात ठेवून एकदा वर बघा. सात की नऊ, तुम्हाला काय वाचता येते?