आज्ञा लिहिणारी काउंटेस

कवीच्या मुलीच्या डोक्यात कविता शिरू नये म्हणून आईने तिला लहानपणापासून गणित शिकवले, असे कोणी सांगितले तर आपण ते हसण्यावारी नेऊ. पण एडा लव्हलेसच्या बाबतीत हे खरोखरच घडले. इंग्रज कवी लॉर्ड बायरन याची ही मुलगी. तिचा जन्म १० डिसेंबर १८१५ रोजी लंडनमध्ये झाला. ती जेमतेम महिन्याची असताना आई तिला घेऊन माहेरी निघून गेली. बायरनने १८१६ मध्ये इंग्लंड सोडले आणि १८२४ मध्ये तो ग्रीसमध्ये वारला. बापलेकीची पुन्हा भेट झालीच नाही. बापाचा लहरीपणा लेकीत उतरू नये याची आईला धास्ती होती, आणि त्यावर तिला सापडलेले औषध म्हणजे गणित!

या एडाची आठवण मला हल्ली वरचेवर होते. त्याचे कारण घरोघरी येऊ घातलेले संगणकावरचे नवे मदतनीस. या मदतनिसाला ‘एजंट’ म्हणतात. आपण त्याला काम सांगायचे. वेबसाइट उघडणे, अर्ज भरणे, तिकीट काढणे हे सारे तो करतो. गंमत अशी की, हे करताना तो माउस धरून चित्रांवर टिचक्या मारीत बसेलच असे नाही. पुष्कळदा तो आज्ञा लिहितो. ज्यांनी पूर्वी डॉसवर काम केले आहे त्यांना तो काळा पडदा आणि त्यावर टाइप करायच्या आज्ञा आठवत असतील. तीच पद्धत आज यंत्रासाठी परत आली आहे. पानावरच्या चौकटी आणि बटणे यांची अक्षरी यादी एक साधन त्याला काढून देते. मग तो लिहितो : पाचव्या चौकटीत नाव भर, सातवे बटण दाब. रंग आणि चित्रे माणसाच्या डोळ्यांसाठी असतात. मुख्यतः अक्षरांवर शिकलेल्या या यंत्राला अक्षरांची आज्ञा सोयीची पडते.

यंत्रासाठी पायरीपायरीने आज्ञा लिहिण्याची ही कल्पना फार जुनी आहे आणि तिचे धागे एडापर्यंत जातात.

एडाचे बालपण आजारपणात गेले. १८२९ मध्ये गोवर आला आणि त्यानंतर कितीतरी काळ तिला धड चालता येत नव्हते. बाराव्या वर्षी उडणारे यंत्र करण्याचे मनसुबे रचणाऱ्या या मुलीची १८३३ मध्ये चार्ल्स बॅबेज या गणितज्ञाशी ओळख झाली. तेव्हा ती सतरा वर्षांची होती. आपोआप आकडेमोड करणाऱ्या त्याच्या ‘डिफरन्स इंजिना’चा तयार झालेला भाग तिने पाहिला आणि ती त्यात रमून गेली. १८३५ मध्ये तिचे लग्न झाले, तीन मुले झाली, आणि पती अर्ल झाल्यामुळे ती लव्हलेसची काउंटेस झाली. पण गणित सुटले नाही. ऑगस्टस डी मॉर्गन यांच्याकडे तिने पुढचा अभ्यास केला. हे डी मॉर्गन जन्माने आपल्याकडचे, मदुराईचे, हेही सांगायला हवे.

दरम्यान बॅबेजने ‘अॅनालिटिकल इंजिन’ या अधिक मोठ्या यंत्राचा आराखडा मांडला होता. त्याला आज्ञा द्यायच्या त्या भोके पाडलेल्या कार्डांनी. ही युक्ती जॅकार्डच्या मागाची. सोलापुरी चादरीवरची नक्षी याच जकार्डवर निघते, त्यामुळे आपल्या वाचकांना ती परकी वाटू नये. या इंजिनावर मेनाब्रिया या इटालियन अभियंत्याने १८४२ मध्ये फ्रेंच भाषेत एक लेख लिहिला. एडाने १८४३ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर केले आणि त्याला स्वतःच्या टिपा जोडल्या. त्या मूळ लेखाच्या दुपटीहून मोठ्या झाल्या! खाली नावाऐवजी फक्त ए. ए. एल. ही आद्याक्षरे होती.

या टिपांमध्ये बर्नुली संख्या काढण्यासाठी यंत्राने कोणती क्रिया कोणत्या क्रमाने करावी याचा एक तक्ता आहे. संगणकाचा पहिला प्रोग्रॅम म्हणून त्याचे नाव घेतले जाते. त्यात बॅबेजचा वाटा किती, यावर अभ्यासक आजही वाद घालतात. पण हे यंत्र आकड्यांपलीकडे, सुरांसारख्या चिन्हांवरही काम करू शकेल, हे तिने स्पष्ट लिहून ठेवले. आणि त्याबरोबरच हेही, की यंत्र स्वतः काही निर्माण करीत नाही. आपल्याला जे नेमके सांगता येते तेवढेच ते करते.

त्या तक्त्यातल्या चौथ्या पायरीवर एक भागाकार उलटा छापला गेला आहे. यंत्र बांधले गेले असते तर त्याने तो निमूटपणे तसाच केला असता आणि उत्तर चुकले असते. पण सरकारने बॅबेजला आधीच्या यंत्रासाठी सुमारे १७ हजार पौंड देऊन पुढे हात आखडता घेतला होता. नवे यंत्र कागदावरच राहिले.

एडाचे पुढचे आयुष्य सुखाचे नव्हते. घोड्यांच्या शर्यतींच्या नादात तिने कर्ज केले, घराण्याचे दागिने गहाण पडले. गर्भाशयाच्या कर्करोगाने २७ नोव्हेंबर १८५२ रोजी ती गेली. वय अवघे छत्तीस. बायरनही छत्तिसाव्या वर्षीच गेला होता. तिच्या इच्छेनुसार तिला हकनॉल येथे, कधी न आठवणाऱ्या त्या बापाशेजारीच पुरण्यात आले.

१९५० मध्ये अॅलन ट्युरिंगने यंत्र विचार करील का, या आपल्या निबंधात तिच्या म्हणण्याचा खास परामर्श घेतला. यंत्रे आपल्याला पुष्कळदा चकित करतात, असे त्याचे उत्तर होते. आजचा एजंट पाहिला की दोघांचेही पटते. सोलापूरचे शनिवारचे तिकीट काढ, एवढेच आपण म्हणतो. कोणता शनिवार, किती जण, किती भाड्यापर्यंत, हे आपण सांगत नाही. त्या मोकळ्या जागा तो आपल्या अंदाजाने भरतो आणि पायऱ्या स्वतः लिहितो. इतकेच नव्हे, एखाद्या लबाडाने पानावर लपवून ठेवलेली ओळसुद्धा तो मालकाची आज्ञा समजून पाळण्याचा धोका असतो. बँकेचे खाते मात्र आपले असते.

म्हणून घरात असा मदतनीस आणणाऱ्यांना माझे सांगणे आहे. पैसे भरणे, पत्र पाठवणे, काही पुसून टाकणे या पायऱ्यांपूर्वी त्याने थांबून विचारलेच पाहिजे, अशी व्यवस्था करून घ्या. आणि त्याने लिहिलेल्या आज्ञांची नोंद ठेवायला लावा. टिचकीचा माग राहीलच असे नाही, पण लिहिलेली आज्ञा नोंदीत राहिली तर ती कोणालाही तपासता येते. एडाच्या तक्त्यातला तो उलटा भागाकार पुढच्या लोकांना सापडला, तो तिने प्रत्येक पायरी कागदावर मांडून ठेवली होती म्हणूनच.