मेंदूच्या दूतांचा मागोवा : जेफ्री हॅरिस

आपल्या मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूष ग्रंथी एका नाजूक देठाने लोंबत असते. शरीराची वाढ, गलग्रंथीचे कार्य, प्रजनन हे सारे व्यापार तिच्या स्रावांच्या अधीन असल्यामुळे तिला सर्व ग्रंथींची स्वामिनी म्हणत. परंतु या स्वामिनीवर कोणाची आज्ञा चालते, याचा छडा लावण्यासाठी ज्याने आयुष्य वेचले, तो शास्त्रज्ञ म्हणजे जेफ्री विंगफील्ड हॅरिस.

हॅरिस यांचा जन्म १९१३ साली लंडननजीक झाला. केंब्रिज येथे शिक्षण घेतल्यावर, १९३७ साली, वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी त्यांनी एक महत्त्वाचा प्रयोग प्रसिद्ध केला. सशाच्या मादीच्या मेंदूच्या तळभागात विजेचा सूक्ष्म प्रवाह सोडला असता तिच्या अंडाशयातून अंडी सुटतात, असे त्यांस आढळले. म्हणजे आज्ञा मेंदूचीच! पण ती पोहोचते कशी? पीयूष ग्रंथीच्या पुढच्या भागात मज्जातंतू जवळजवळ नसतातच.

मात्र ग्रंथीच्या देठावरून केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या खाली उतरतात. मेंदूतील हायपोथॅलॅमस हा भाग या वाहिन्यांत रासायनिक द्रव्ये सोडतो व तीच दूताप्रमाणे ग्रंथीस आज्ञा पोहोचवितात, असा सिद्धांत हॅरिस व जॉन ग्रीन यांनी १९४७ च्या सुमारास मांडला.

विरोध तीव्र झाला. देठ कापूनही काही प्राण्यांत ग्रंथीचे कार्य अबाधित राहते, असा आक्षेप होता. हॅरिस यांनी तो झिडकारला नाही. तो तपासून पाहिला. तेव्हा दिसले, की कापलेल्या वाहिन्या काही दिवसांत पुन्हा वाढून जुळतात. मग त्यांनी छेदाच्या जागी कागदाचा लहानसा पडदा बसविला. वाहिन्या जुळेनात, आणि ग्रंथीचे कार्य मंदावले. पुढे १९५२ साली डोरा जेकबसन यांच्यासमवेत, मूळ ग्रंथी काढून टाकलेल्या उंदरांच्या माद्यांत त्यांनी ग्रंथीचे कलम केले. हायपोथॅलॅमसखाली बसविलेले कलम कार्य करू लागले. मेंदूच्या दुसऱ्या भागाखाली बसविलेले मात्र निष्क्रिय राहिले. सॉली झुकरमन यांच्यासारख्या मान्यवर शास्त्रज्ञाने फेरेट या प्राण्यावरील प्रयोग पुढे करून सिद्धांतास आव्हान दिले, तेव्हा हॅरिस व बर्नार्ड डोनोव्हन यांनी त्याच प्राण्यावर प्रयोग करून त्यास उत्तर दिले.

१९५५ साली हॅरिस यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. १९६२ साली ते ऑक्सफर्ड येथे शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक झाले. तरीही तो रासायनिक दूत शुद्ध स्वरूपात हाती आलेला नव्हता. अमेरिकेत रॉजे गिलेमँ व अँड्र्यू शॅली यांनी मेंढ्यांच्या व डुकरांच्या लक्षावधी मेंदूंतून त्याचा शोध चालविला. १९६९ साली पहिल्या दूताची व १९७१ साली दुसऱ्याची रचना उकलली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, वयाच्या ५८ व्या वर्षी, हॅरिस निवर्तले. १९७७ साली गिलेमँ व शॅली यांस नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. मृतास ते देण्याची रीत नाही.

आज याच दूतांच्या कृत्रिम प्रतिकृती अकाली वयात येणाऱ्या बालकांच्या उपचारांत वापरल्या जातात. त्या औषधावर हॅरिस यांचे नाव नसते; परंतु प्रतिपक्षाचा आक्षेपही प्रामाणिकपणे तपासून पाहणाऱ्या बुद्धीचे ते फळ आहे, हे आपण विसरू नये.