अर्जुनाने सांगितलं, आपणही सांगू या



आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक १६ आणि १७.

भगवंत इथे अगदी घरगुती गोष्ट सांगतात. खाणं, झोप, जागरण, काम, विरंगुळा हे सगळं मापात असेल, तरच योग दुःख दूर करतो. अति जागणाऱ्याला योग साधत नाही.

मी जळगावला नर्स आहे. मागच्या महिन्यात लागोपाठ नाइट ड्युट्या झाल्या. घरी आले तरी कानात मॉनिटर वाजत राहायचा. एका पेशंटची आई समोर रडत होती आणि मला काहीच वाटेना. त्याचीच भीती वाटली. सतत दुसऱ्याचं दुःख पाहणाऱ्याचं मनही जखमी होतं, थकून बधिर होतं. तेव्हा मला आपल्या खान्देशातले साने गुरुजी आठवले.

गुरुजी मूळचे कोकणातल्या पालगडचे. जन्म २४ डिसेंबर १८९९. १९२४ मध्ये ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. छात्रालयातल्या मुलांच्या खोल्या ते झाडायचे, कपडे धुवायचे, आजारी मुलांची शुश्रूषा करायचे. आईच्या मायेने सगळं करायचे. १९३० मध्ये नोकरी सोडून स्वातंत्र्यलढ्यात उतरले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी २१ फेब्रुवारी ते १९ जून असे अठरा रविवार गीतेवर प्रवचनं केली. ती लिहून घेतली गुरुजींनी. म्हणजे आजचा हा सहावा अध्यायही त्यांच्याच हाताने कागदावर उतरला!

पुढे कामगार, शेतकरी, विद्यार्थी, सगळ्यांचं दुःख त्यांनी आपलं मानलं. पंढरपूरचं विठ्ठल मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून मे १९४७ मध्ये उपोषण केलं. गांधीजींच्या हत्येनंतर २१ दिवस उपवास केला. १५ ऑगस्ट १९४८ ला 'साधना' साप्ताहिक सुरू केलं. आणि ११ जून १९५० रोजी, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, त्यांनी स्वतःच आपलं जीवन संपवलं.

हे लिहिताना हात थांबतो. एवढ्या मोठ्या मनात काय चाललं होतं, ते एका कारणात बसवू नये. त्यांना दोष तर मुळीच नाही. पण मला एवढं कळलं, की भक्ती आणि प्रेम खरं असलं तरी माणूस आतून थकू शकतो. थकणं म्हणजे श्रद्धा कमी पडली असं नाही.

पहिला अध्याय आठवा. अर्जुनाचे हात थरथरले, तोंड कोरडं पडलं. त्याने ते लपवलं नाही. धनुष्य खाली ठेवलं आणि जवळच्या सख्याला सगळं सांगितलं. तिथूनच गीता सुरू झाली.

मीही आमच्या सीनियर सिस्टरांना सांगितलं. त्यांनी रोस्टर बदलून दिलं, शेजारी बसून ऐकलं. आता समुपदेशकांकडेही जाते. अजून पूर्ण बरं नाही, पण झोप येते.

तुमच्यात कोणी डॉक्टर, नर्स, आशाताई, शिक्षक असेल, घरी आजारी आईवडिलांचं करणारं असेल, तर आजचा संकल्प एवढाच : एका माणसाला खरं सांगायचं. कोणीच जवळ नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर लावा. मोफत आहे, रात्रीही चालतो.

आणि आज वेळेवर झोपा. तीही साधनाच आहे.

राम कृष्ण हरी 🙏