चाबूक खालीं ठेवणारा चाबूकस्वार : जॉन रेरी

घोड्यास शिकविणाऱ्या मनुष्याला आपल्या भाषेंत चाबूकस्वार म्हणतात. चाबकावांचून घोडा वठणीवर येत नाहीं, हा जुना समज त्या एका शब्दांतच दिसून येतो. तो समज खोटा आहे असें ज्यानें राजेरजवाड्यांसमक्ष सिद्ध केलें, त्या जॉन रेरीचें अल्प चरित्र आम्ही आमच्या वाचकांपुढें ठेवीत आहों.

जॉन सॉलोमन रेरी याचा जन्म ६ डिसेंबर १८२७ रोजीं अमेरिकेंतील ओहायो संस्थानांत, आज जेथें ग्रोव्हपोर्ट गांव आहे तेथें, एका शेतकऱ्याच्या घरीं झाला. लहानपणापासूनच त्यास शिंगरांचा नाद लागला. परंतु आरंभीं त्यानेंही त्या काळची दांडगाईचीच रीत उचलली, आणि तिचें फळही त्यास मिळालें. अनेक वेळां पाठीवरून फेंकला जाऊन त्यानें आपलीं हाडें मोडून घेतलीं. दुसरा कोणी असता तर त्यानें घोड्यांस दोष दिला असता; रेरीनें मात्र आपल्या रीतीचाच विचार आरंभिला.

या विचारांतून त्यास तीन गोष्टी उमगल्या. पहिली, आपणांस काय करावयाचें आहे हें घोड्यास नीट समजलें व त्यापासून दुःख झालें नाहीं, तर तो विरोध करीत नाहीं. दुसरी, आपल्या अंगीं किती बळ आहे हें घोड्यास अनुभवानेंच कळतें. तिसरी, भयंकर वाटणारी वस्तु त्यास स्वस्थपणें पाहूं, हुंगूं व स्पर्शूं दिली, कीं तिचें भय जातें. हीं तत्त्वें त्यानें १८५६ सालीं एका लहानशा पुस्तकांत प्रसिद्ध केलीं.

त्याची कृति अशी असे : हलक्या आवाजांत बोलत तो घोड्याजवळ जाई, त्याची मान कुरवाळी, आणि मग पुढचा डावा पाय दुमडून कातड्याच्या वादीनें बांधी. तीन पायांवर उभ्या असलेल्या घोड्यास लाथ मारतां येत नाहीं. नंतर दुसऱ्या पुढच्या पायास लांब वादी लावून, तो पाय उचलला जातांच ती ओढून धरी. घोडा गुडघ्यांवर येई, कांहीं वेळ धडपडे व शेवटीं थकून कुशीवर निजे. इतर शिक्षकांनीं याच क्षणीं चाबूक उगारला असता; रेरी मात्र वाद्या सोडी, त्याचे पाय चोळी व त्यास थोपटीत बसे. आपण हरलों तरी आपणांस इजा झाली नाहीं, हें घोड्यास तेथें प्रथम कळे.

पुढें रेरी इंग्लंडांत गेला, व १८५८ च्या आरंभीं व्हिक्टोरिया राणीसमोर त्याचे प्रयोग झाले. पण खरी कसोटी पुढेंच होती. लॉर्ड डॉर्चेस्टर यांचा क्रूझर नांवाचा शर्यतीचा जातिवंत घोडा हॅम्पशायर परगण्यांत होता. तो इतका क्रूर झाला होता कीं त्याच्या तोंडास सुमारें ८ पौंड वजनाचें लोखंडी मुसकें घातलेलें असे, आणि मोतद्दार त्याजजवळ जाण्यास धजत नसत. त्यास माणसाळवून दाखवावें, असें आव्हान रेरीस मिळालें. एप्रिल १८५८ मध्यें तो त्या तबेल्यांत शिरला, आणि सुमारें तीन तासांनीं प्रथम रेरी व मग स्वतः लॉर्ड डॉर्चेस्टर क्रूझरच्या पाठीवर बसले ! सर्व इंग्लंडांत या गोष्टीचा बोलबाला झाला. लंडनच्या प्राणिसंग्रहालयांतील एक झेब्राही त्यानें वश केला. मात्र त्या कामीं त्यास फार श्रम पडले.

यशाबरोबर मनस्तापही आला. रेरी दहा गिनी फी घेऊन, गुप्ततेचें वचन घेऊन आपली विद्या शिकवीत असे. इतक्यांत त्याचें तेंच पुस्तक लंडनांत सहा पेन्सांस विकलें जाऊं लागलें. रहस्य उघडें पडलें. तरी पुस्तक विकत घेणारा प्रत्येक जण कांहीं रेरी झाला नाहीं. वादी कशी बांधावी हें छापून सांगतां येतें. रेरीचा संयम सहा पेन्सांस मिळण्यासारखा नव्हता.

पुढें रेरी क्रूझरला घेऊन स्वदेशीं परतला. ४ ऑक्टोबर १८६६ रोजीं, वयाच्या अवघ्या अडतिसाव्या वर्षीं, तो मरण पावला. क्रूझर १८७५ पर्यंत जगला. पण धनी गेल्यावर त्याचा जुना तापटपणा परत आला असें सांगतात. यांत आम्हांस नवल वाटत नाहीं. क्रूझरचा विश्वास रेरीवर होता, सर्व मनुष्यजातीवर नव्हता. नव्या मोतद्दारास तो नव्यानेंच मिळवावयास हवा होता.

आज कित्येक जाणते अश्वशिक्षक रेरीच्या वाद्यांसही नांवें ठेवितात. बांधलेला घोडा निमूट पडतो तो विश्वासानें कीं हताशपणें, असें ते विचारतात, व हा प्रश्न रास्त आहे. परंतु चाबकाच्या त्या काळांत दयेचें पाऊल प्रथम टाकणाऱ्यांत रेरी होता, हें विसरतां येत नाहीं. ग्रोव्हपोर्टच्या हायस्कुलांतील खेळाडूंच्या संघांस आजही क्रूझरचेंच नांव आहे.

ज्यांच्या हातीं मुलें, विद्यार्थी किंवा मुकीं जनावरें सोंपविलेलीं आहेत, त्यांनीं हें चरित्र मनांत घोळवावें. आणि बालमित्रांनो, तुमच्या घरचा बैल अडला किंवा कुत्रा गुरगुरला, तर काठीकडे हात जाण्यापूर्वीं तो कशास भ्याला आहे, एवढें एकदां पाहा.