काळ्या आजाराचे वैरी : सर उपेंद्रनाथ ब्रह्मचारी

डाव्या बरगड्यांखाली वसणाऱ्या प्लीहेला आपली वडीलधारी माणसे पाणथरी म्हणत. निरोगी माणसाची प्लीहा जेमतेम मुठीएवढी असते व ती सहसा हातास लागत नाही. परंतु बंगाल, आसाम व बिहार या प्रांतांत एका रोगामुळे ती वाढून नाभीच्याही खाली उतरे. यकृतास सूज येई, रक्त आटे, ताप हटत नसे आणि कातडी काळवंडे. लोक या रोगास ‘काला आजार’ म्हणत. उपचाराविना शंभरांतील नव्वदांहून अधिक रोगी दगावत. या काळाशी ज्यांनी झुंज घेतली, ते सर उपेंद्रनाथ ब्रह्मचारी होत.

त्यांचा जन्म १९ डिसेंबर १८७३ रोजी झाला. वडील रेल्वेकडे डॉक्टर होते. उपेंद्रनाथांची पहिली आवड गणित व रसायनशास्त्र. १८९४ साली ते रसायनशास्त्रात एम. ए. झाले व १९०२ साली एम. डी. या दोन विद्यांचा संगमच पुढे लाखोंच्या उपयोगी पडला.

१९०३ साली लीशमन व डोनोव्हन यांनी या रोगाचा सूक्ष्म परजीवी शोधून काढला. तो प्लीहा, यकृत व अस्थिमज्जा यांच्या पेशींत दडून बसतो. म्हणूनच यकृतास बळ देणारी औषधे कितीही दिली, तरी मूळ शत्रू मरत नाही. १९१५ पासून अँटिमनी धातूचे क्षार टोचू लागले. पण तो उपचार महिनोन्‌महिने चाले व रोग्यास त्याची बाधाही होई.

कलकत्त्याच्या कॅम्पबेल रुग्णालयातील एका लहानशा खोलीत उपेंद्रनाथांनी प्रयोग आरंभिले. तेथे ना वीज, ना गॅस, ना पाण्याचा नळ. रात्री रॉकेलच्या दिव्याचा आधार. अशा स्थितीत १९२० साली त्यांनी ‘युरिया स्टिबामाइन’ हे औषध सिद्ध केले. त्याने काही आठवड्यांतच रोग्याचा ताप उतरे व प्लीहा ओसरू लागे. पूर्वी शंभरांत नव्वद मरत, ते आता नव्वद वाचू लागले.

१९२९ साली नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नाव सुचविले गेले; ते त्यांस लाभले नाही. १९३४ साली ‘सर’ ही पदवी मिळाली. १९३६ साली आपल्या शेजारच्या इंदूर नगरीत भरलेल्या भारतीय विज्ञान परिषदेच्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते. ६ फेब्रुवारी १९४६ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी आपल्या ग्वाल्हेरीत गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले.

आज त्यांच्या औषधाची जागा अधिक निर्धोक औषधांनी घेतली आहे. पण त्यांची शिकवण जुनी झालेली नाही. वाढलेली प्लीहा हा रोग नव्हे, ती रोगाची खूण होय. तिच्या मुळाशी हिवताप असेल, काळा आजार असेल अथवा यकृताचाच विकार असेल. ते मूळ रक्ताच्या तपासणीने व डॉक्टरांच्या सल्ल्याने शोधले पाहिजे. केवळ बलवर्धक औषधाच्या बाटलीवर विसंबून अमूल्य दिवस दवडू नयेत. थाटीपुरच्या विद्यार्थिबंधूंनो व भगिनींनो, साधने तोकडी असली तरी ज्ञान व निश्चय तोकडे नसावेत, हेच या थोर पुरुषाचे चरित्र आपणांस सांगते.