बॅरिस्टर चार्ल्स रसेल

वकील म्हणजे खऱ्याचे खोटे करणारा, असे आपल्याकडे सहज बोलले जाते. तेव्हा आम्हांला चार्ल्स रसेल आठवतात. आयर्लंडमधील न्यूरी येथे १८३२ साली त्यांचा जन्म झाला. घराणे कॅथोलिक, तीन बहिणी धर्मभगिनी, भाऊ मॅथ्यू येशूसंघीय धर्मगुरू. चार्ल्स मात्र १८५९ साली लंडनमध्ये बॅरिस्टर झाले.

फेब्रुवारी १८८९ मध्ये आयरिश नेते पार्नेल यांच्यावर बालंट आणणारी पत्रे बनावट असल्याचे त्यांनी उघड केले. साक्षीदार पिगॉटकडून त्यांनी भर न्यायालयात काही शब्द लिहून घेतले. पत्रातली शुद्धलेखनाची चूक त्याच्या हातून पुन्हा झाली!

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मात्र ते हरले. लिव्हरपूलच्या फ्लॉरेन्स मेब्रिक यांच्यावर पतीला सोमल घातल्याचा आरोप होता. पती स्वतःच सोमल घेत असे, हे रसेल यांनी दाखवून दिले. परंतु बाईंचे परपुरुषाशी संबंध होते आणि ज्यूरीचे मन त्यानेच कलुषित झाले, असे आम्हांस वाटते. व्यभिचार हे पाप खरेच, पण तो खुनाचा पुरावा नव्हे. फाशीची शिक्षा झाली. पुढे ती जन्मठेपेवर आली.

१८९२ साली ॲटर्नी जनरल या नात्याने त्यांनी स्त्रियांना विष घालून मारणाऱ्या डॉ. नील क्रीमविरुद्ध सरकारची बाजू मांडली. क्रीम फासावर गेला. १८९४ साली रसेल इंग्लंडचे सरन्यायाधीश झाले, धर्मसुधारणेनंतरचे पहिले कॅथोलिक. त्या पदावरूनही मेब्रिकबाईंच्या सुटकेसाठी ते गृहमंत्र्यांना लिहीत राहिले. १० ऑगस्ट १९०० रोजी ते निवर्तले. बाई १९०४ साली सुटल्या.